लहान कॉलेज की मोठी युनिव्हर्सिटी? १ मेच्या आत ठरवायचंय

दांडियाबाजारकरीण (धागाकर्ती) | ११ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, असा धागा पहिल्यांदाच काढतेय. बडोद्याचं मराठी आहे, मध्ये गुजराती डोकावेल, सांभाळून घ्या.

लेक बारावी सायन्स, बी ग्रुप (बायॉलॉजीवाला). मेडिकलची 'नीट' परीक्षा दिली नाही. (लिहायला एक ओळ, घरात पचायला दोन वर्षं.) तिला मगरी हव्यात. थट्टा नाही. आठवीपासून थंडीत सकाळी सायकल काढून काळ्या घोड्याच्या पुलावर जाते आणि विश्वामित्रीच्या काठावर उन्हाला आलेल्या मगरी मोजते. वहीत तारीख, वेळ, पाणी पुलाच्या खांबाच्या कितव्या दगडापर्यंत, मगरी किती, त्यात पिल्लं किती. २०२४ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवत होतो आणि ही खिडकीत बसून कुठल्या सोसायटीत मगर शिरली ते पत्त्यानिशी टिपत होती.

तर अमेरिकेतून दोन पत्रं आली आहेत. नावं लिहीत नाही.

पहिलं, लिबरल आर्ट्स कॉलेज. सगळी मिळून पंधराएकशे मुलं. मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या उत्तर भागात, मक्याच्या शेतांच्या मधोमध गाव. वर्षाचा खर्च ८२ हजार डॉलर, त्यात ४८ हजार ग्रँट. आम्ही भरायचे ३४.

दुसरी सरकारी युनिव्हर्सिटी, त्याच मिडवेस्टात, पन्नास हजारांच्या आसपास मुलं. खर्च ५२ हजार, स्कॉलरशिप १२. आम्ही भरायचे ४०.

दोन्हींसाठी कर्ज काढायचंय, मांजलपूरचा फ्लॅट तारण जाणार. अहो रिफायनरीत आहेत, त्यांचं मत दुसरी. म्हणतात, नाव तरी लोकांनी ऐकलेलं आहे, पहिलीचं नाव सांगितलं तर लोक विचारतील कुठल्या एजंटाने फसवलं. सासूबाई म्हणतात, सायन्सची मुलगी आर्ट्सला टाकणार? लेकीला पहिलीच हवी. का, तर पत्राच्या खाली कुणीतरी शाईने एक ओळ लिहिली आहे: येताना वही घेऊन ये.

त्या एका ओळीवर फ्लॅट तारण ठेवायचा का, हा माझा प्रश्न आहे.

---

शेवउसळ | ११ एप्रिल, रात्री ११:३२

पहिला प्रतिसाद माझा!

ताई, मगरींसाठी अमेरिका? आमच्या बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या नाल्यात पावसाळ्यात निघतात की. एफवायपासून प्रॅक्टिकल, तेही घरचा डबा खाऊन.

हलके घ्या. वाचतोय.

---

रावपुऱ्याचे_काका | १२ एप्रिल, सकाळी ६:०५

सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा की हे 'आर्ट्स' ते आपलं आर्ट्स नव्हे. जुन्या युरोपात स्वतंत्र माणसाला शोभतील अशा सात विद्या मानल्या जात: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. म्हणजे सातात निम्म्याहून जास्त गणिताच्या घरातल्या. लिबरल हा शब्द तिथला. अशा कॉलेजात बायॉलॉजी, फिजिक्स सगळं असतं. फक्त पदवीवर बरेचदा बी. ए. छापतात, जीवशास्त्राच्या मुलीलासुद्धा. आपल्याकडे हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो.

शेवउसळ यांनी थट्टेत म्हटलं, पण मी गंभीरपणे म्हणतो, आपली युनिव्हर्सिटी यादीत का नाही? १८८१ चं बडोदा कॉलेज, १९४९ साली त्याची युनिव्हर्सिटी झाली, पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. इंग्रजी माध्यम, सगळ्या फॅकल्ट्या एकाच गावात. व्यंकी रामकृष्णन यांनी १९७१ साली फिजिक्सची बीएस्सी इथेच केली, २००९ साली नोबेल मिळालं, तेही केमिस्ट्रीचं. हायर पेमेंटची, म्हणजे जादा फीची, सीट घेतली तरी अमेरिकेच्या खर्चापुढे फी काहीच नाही.

दोषही सांगतो. आमच्या वेळी फॅकल्टी ओलांडून विषय घेता येत नसे. सायन्सचा मुलगा फाइन आर्ट्सला जायचा तो चहाला आणि नवरात्रात गरब्याला. आता नव्या धोरणात मायनर (जोडविषय) वगैरे आलं आहे, पण वर्गात बाकं तीच आणि टायमटेबलही तेच.

अवांतर: शिक्षण अर्धवट सोडण्यातही आपलं गाव मागे नाही. विनोबा इथल्याच कॉलेजात होते. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले, सुरतेला उतरले आणि काशीला गेले.

---

खडूस_आत्या | १२ एप्रिल, सकाळी ९:४०

लिबरल म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी चार वर्षांत मोर्चे काढायला लागेल, मग बसा.

---

संपादक | १२ एप्रिल, सकाळी ९:५५

राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. या पुढचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

टीए_होते_मी | १२ एप्रिल, दुपारी १:२०

धागाकर्ती ताई, मी मिडवेस्टातल्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत पीएचडी करताना चार वर्षं टीए (टीचिंग असिस्टंट, प्रोफेसरांच्या हाताखाली शिकवणारी) होते. म्हणजे तुमच्या लेकीला पहिल्या वर्षी प्रत्यक्षात कोण भेटेल, तर मी. म्हणून आतलं सांगते.

इंट्रो बायॉलॉजीचं लेक्चर साडेतीनशे मुलांचं. गांधी नगरगृहात नाटकाला बसल्यासारखं. प्रोफेसर खाली, लहानसे. मुलांच्या हातात क्लिकर, प्रश्न आला की बटण दाबायचं, त्यातच हजेरी. आठवड्यातून एकदा पंचवीसेक मुलांचं डिस्कशन आणि एकदा लॅब, ती दोन्ही आम्ही पीएचडीवाले घ्यायचो. माझे तीन गट होते. पेपर मीच तपासायची, रविवारी रात्री, कुकरच्या शिट्ट्या मोजत. मी चांगली शिकवायची की नाही हे नशिबावर, कारण त्याच सेमिस्टरला माझी स्वतःची परीक्षा असायची.

एकदा एका हुशार मुलीला शिफारसपत्र हवं होतं. प्रोफेसरांना तिचा चेहरा आठवेना. त्यांनी मलाच मेल केला, चार ओळी लिहून दे, मी सही करतो. मी लिहिल्या, पण ते पत्र वाचणाऱ्याला कळलं असणारच.

आता दुसरी बाजू, कारण मला त्या जागेबद्दल प्रेम आहे. तिथे काय नव्हतं? माझ्या बिल्डिंगीत एका मजल्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, तळघरात हजारो सापसरड्यांचे बरण्यांतले नमुने. आणि आमच्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. तो कसा आला? दर गुरुवारी दार ठोठवायचा. पाच वेळा नाही म्हटलं, सहाव्यांदा आमच्या बाईंनी त्याला बाटल्या धुवायला ठेवला. एक सेमिस्टर त्याने फक्त काचसामान धुतलं आणि पिपेटच्या टिपा डब्यात भरल्या. शेवटच्या वर्षी त्याचं नाव पेपरवर होतं.

तर मोठ्या जागी दार असतं, पण ठोठवावं लागतं. तुमची लेक ठोठवणारी आहे का? पुलावर एकटी सायकलने जाणारी मुलगी भित्री नसणार. पण मगरीपुढे न घाबरणारी मुलं प्रोफेसरांपुढे गप्प झालेली मी पाहिली आहेत.

---

दांडियाबाजारकरीण | १२ एप्रिल, दुपारी ३:०२

टीए ताई, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. वर्गात हात वर करत नाही ही. शाळेत प्रत्येक ओपन हाउसला तेच ऐकलं आहे.

---

मक्याचं_कणीस | १२ एप्रिल, रात्री १०:१५ (माझ्याकडे दुपार)

मी कारेलीबागेतला. मिनेसोटातल्या अशाच एका लहान कॉलेजातून २०१६ साली बाहेर पडलो. आता आमची जाहिरात आणि आमची गाऱ्हाणी, दोन्ही.

आमच्या सर्वांत मोठ्या वर्गात चाळीस मुलं होती. बाकी बारा, पंधरा. तिथे टीए नावाचा प्राणीच नाही, कारण पीएचडी नाही. लॅब प्रोफेसर स्वतः घेतात. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला तलावातले बेडूक मोजायला पगार मिळाला, कारण प्रोफेसरांना हाताखाली दुसरं कोणीच नव्हतं, आम्हीच होतो. मी वर्गात बोलायचो नाही, तर तिसऱ्या आठवड्यात बाईंनी ऑफिसात बोलावून विचारलं, तुला इंग्रजीची अडचण आहे की तुला आम्ही कंटाळवाणे वाटतो? तिथे मागच्या बाकावर लपता येत नाही, कारण टेबल गोल असतं. काही ठिकाणी विषयांची सक्तीही फार कमी. ग्रिनेलमध्ये, आयोवात, पहिल्या वर्षीचा एक ट्युटोरियल सोडला तर सक्तीचं काही नाही, बाकी सल्लागाराबरोबर बसून ठरवायचं.

'नाव कोणी ऐकलं नाही' यावर ताईंच्या अहोंसाठी: थॉमस चेक हे ग्रिनेलचे, १९८९ चं नोबेल. जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या, २०२० चं नोबेल. आणि गंमत म्हणजे डाउडना पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) गेल्या त्या चेक यांच्याकडेच, कोलोरॅडोच्या सरकारी युनिव्हर्सिटीत. म्हणजे दोघांचा पाया लहान जागी झाला आणि मोठं काम मोठ्या जागी. पीएचडीच्या कमिट्यांवर बसणाऱ्यांना ही नावं नीट माहीत असतात. माहीत नसतात ती आपल्या सोसायटीच्या वॉचमनला आणि अहोंच्या साडूला.

आता गाऱ्हाणी. एक, शाखेत माणसं मोजकी. माझ्या वेळी इकॉलॉजीचे प्रोफेसर एकच. ते सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेले आणि माझा आवडता कोर्स त्या वर्षी झालाच नाही. पुष्कळ कोर्स एकाआड वर्षी असतात. ताई, कॉलेजचा कॅटलॉग काढा आणि 'एकाआड वर्षी' किती ठिकाणी लिहिलंय ते मोजा. लेकीला मोजायची सवय आहेच.

दोन, गाव. नोव्हेंबर ते मार्च बर्फ. हिंग घ्यायला दीड तास गाडीने. पहिल्या हिवाळ्यात मी खोलीवर उंधियूच्या नुसत्या आठवणीने रडलो आहे, हसू नका.

तीन, सगळ्यांना सगळं माहीत. कुणाशी भांडण झालं तर तोच माणूस जेवणाच्या रांगेत, तोच लायब्ररीत, चार वर्षं. बडोद्याच्या पोळात राहिलेल्यांना जमेल.

---

शेवउसळ | १२ एप्रिल, रात्री १०:३१

उंधियूसाठी +१

---

हिशोबनीस | १३ एप्रिल, सकाळी ८:००

सगळे शिक्षणावर बोलताहेत, मी पैशावर बोलतो.

ताई, ती शाईची ओळ बहुधा ॲडमिशन ऑफिसातल्या माणसाने लिहिलेली असते. मुलं आणणं हे त्याचं काम आहे. चांगला माणूस असेल, पण तो तुमच्या लेकीला शिकवणार नाही. ओळ बाजूला ठेवा आणि खालचं टाइप केलेलं वाचा.

४८ हजार ग्रँट नीडवर (घरची ऐपत पाहून) आहे की मेरिटवर (गुण पाहून)? फी दरवर्षी वाढते. ग्रँट नीडवर असेल आणि कॉलेज पूर्ण गरज भागवणारं असेल, तर फी वाढली की सहसा ग्रँटही हलते, दरवर्षी कागद पुन्हा मागतात. मेरिट स्कॉलरशिप बहुधा आकड्याने बांधलेली असते: १२ हजार म्हणजे चारही वर्षं १२ हजार, फी कुठेही जावो. वर जीपीएची (गुणांच्या सरासरीची) अट. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत गचकली तर? लेखी विचारा, मेलवर. फोनवर गोड बोलतात.

त्या ३४ मध्ये कॅम्पसवरच्या नोकरीचे पैसे आधीच वजा धरलेत का तेही पाहा. ते तिने कमवायचे असतात, हातात आलेले नसतात. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) शिकत असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवर. हेल्थ इन्शुरन्स, पुस्तकं, तिकीट, कोट, बूट वेगळे.

कर्ज: शिक्षणकर्जाच्या व्याजावर आयकरात ८ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. अहोंनी नवी घेतली असेल तर विसरा. आणि डॉलर आज आहे तिथेच राहील असं धरून चार वर्षांचा तक्ता करू नका. मी माझ्या थोरल्यासाठी केला होता. पगारवाढीने नव्हे, पीएफ मोडून निभावलं.

एक दिलासा. बी. ए. लिहिलं म्हणून नोकरीची मुदत कमी होत नाही. ओपीटी (पदवीनंतर तिथे काम करायची परवानगी) १२ महिने, आणि स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसणाऱ्या विषयाला आणखी २४. ते विषयाच्या सरकारी कोडवर ठरतं, पदवी बी. ए. की बी. एस. यावर नाही. बायॉलॉजी बसते. मात्र व्हिसाचे नियम चार वर्षांनी काय असतील यावर घर बांधू नका.

---

गोदाकाठ | १३ एप्रिल, सकाळी ११:१८

मगरीच हव्यात तर मिडवेस्ट कशाला? तिकडे थंडीत मगर काय, कासवही चिखलात जाऊन बसतं. फ्लोरिडाची सरकारी युनिव्हर्सिटी बघितली का, गेन्सविलची? टीमचं नावच गेटर्स, म्हणजे ॲलिगेटर.

नाहीतर इथेच बीएस्सी करा, सुट्टीत मद्रास क्रोकोडाइल बँकेत कामाला जा (१९७६ पासून आहे), मग डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटची एमएस्सी. जागा थोड्या, परीक्षा अवघड, पण फ्लॅट शाबूत. परत येऊन भारतातच काम करायचं असेल तर परदेशी पदवीला समकक्षता घ्यावी लागते, तेही ध्यानात ठेवा.

---

दांडियाबाजारकरीण | १३ एप्रिल, दुपारी ४:४४

गोदाकाठ, फ्लोरिडाला अर्ज केला होता, नाही मिळालं. मद्रासचं मनात आहे, या मे-जूनमध्ये कुठेही गेली तरी तिथे जमतं का बघणार.

हिशोबनीस दादा, आज दोन्हीकडे मेल टाकले, तुमचेच प्रश्न. आणि लेकीला बसवून तिच्याकडून दोन मेल लिहून घेतले, दोन्हीकडच्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणाऱ्या प्रोफेसरांना. तीन ओळी लिहायला पावणेदोन तास लागले. 'डिअर सर' की 'डिअर प्रोफेसर' यावर अर्धा तास.

---

टीए_होते_मी | १३ एप्रिल, रात्री ९:१०

प्रोफेसर आणि आडनाव. सर अजिबात नको. आणि आठवडाभर उत्तर नाही आलं तर खचू नका, सेमिस्टरचा शेवट आहे, सगळे पेपरांत बुडालेत.

---

रावपुऱ्याचे_काका | १४ एप्रिल, सकाळी ६:२०

आज १४ एप्रिल, म्हणून आठवलं. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. तेव्हाही अटी होत्याच, हिशोबनीस. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, जे मिळेल ते घेतलं. विषयांना कुंपण नसलं की काय होतं त्याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आणि १९१७ साली कराराप्रमाणे बडोद्याला परत आले, तर या गावाने त्यांना राहायला खोली दिली नाही. कमाटीबागेत झाडाखाली बसले होते. शिष्यवृत्ती देणारं गाव आणि खोली नाकारणारं गाव एकच. मी रोज सकाळी तिथे फिरायला जातो.

ताई, तिथे मुलीला घर, स्वयंपाक, सुट्टीत राहायची सोय कशी आहे, हेही विचारा. डिसेंबरात वसतिगृह बंद होतं का? लोक हे विचारायचं विसरतात.

---

मक्याचं_कणीस | १४ एप्रिल, सकाळी ७:०२

काका, __/\__

आणि मुद्दा शंभर टक्के. आमचं बंद व्हायचं. पहिल्या डिसेंबरात मी प्रोफेसरबाईंच्या तळघरात तीन आठवडे राहिलो, त्यांच्या मांजरीसकट.

---

दांडियाबाजारकरीण | २५ एप्रिल, रात्री १०:५०

उशीर झाला, घरात लग्न होतं. उत्तरं आली, सांगते.

मोठ्या युनिव्हर्सिटीतून प्रोफेसरांचं उत्तर नाही. पण त्यांनी मेल पुढे पाठवला असावा, कारण त्यांच्या एका पीएचडीच्या मुलीने रात्री बारा वाजता दीड पानी लिहिलं. वहीचे फोटो मागितले आणि एक चूक काढली: पाण्याची पातळी दगडांत मोजतेस, पण एक दगड किती सेंटिमीटर? लेक दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पुलावर. टीए ताई, तुमच्या जातीच्या बायका चांगल्या असतात असं घरात मत झालं आहे.

लहान कॉलेजातल्या प्रोफेसरांनी स्वतः लिहिलं. कासवांवर काम करतात, मगर आयुष्यात प्राणिसंग्रहालयातच पाहिली म्हणाले. व्हिडिओवर चाळीस मिनिटं बोलले. पहिली दहा मिनिटं आमची बाई गप्प. ते थांबले. मी स्वयंपाकघरातून ऐकतेय, वाटलं कॉल तुटला. मग हिने आपणहून वही उघडली आणि पुढची तीस मिनिटं हीच बोलत होती. आणि हो, दुसऱ्या वर्षी ते सबॅटिकलवर आहेत, त्यांनीच सांगितलं, कणीस म्हणाले होते तसंच. कॅटलॉगमध्ये एकाआड वर्षीचे कोर्स नऊ निघाले.

पैशांचं: लहान कॉलेजची ग्रँट नीडवर, दरवर्षी फेरतपासणी, फी वाढेल त्या प्रमाणात गरज पुन्हा मोजतात असं मेलवर लेखी दिलं. मोठ्याची स्कॉलरशिप आकड्याला बांधलेली, जीपीए ३.२ ची अट, आणि फीवाढीबद्दल 'वेबसाइट पाहा'. अहोंनी दोन्ही मेलची प्रिंट काढली, तिसऱ्या वर्षापर्यंत पेन्सिलने आकडे मांडले, आणि चहा घेताना एवढंच म्हणाले की डिपॉझिट कुठल्या कार्डावरून भरायचं. वहीचं, गोल टेबलाचं, नोबेलचं त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. डिसेंबरात वसतिगृहाची एक इमारत उघडी ठेवतात, जेवण आपलं आपण.

सासूबाईंना सात विद्या सांगितल्या. संगीत आहे म्हटल्यावर थोड्या निवळल्या. नातेवाइकांना मात्र 'बायॉलॉजी'च सांगणार आहेत, कॉलेजचं नाव विचारलं तर 'शिकागोजवळ'. शिकागो पाच तासांवर आहे.

आता व्हिसाची तारीख, मुंबईची. आणि एक प्रश्न: बर्फाचा कोट बडोद्यात कुठे बरा मिळतो? थंडीत तिबेटी लोक गरम कपडे विकायला बसतात, त्यांच्याकडचे चालतील का?

---

मक्याचं_कणीस | २५ एप्रिल, रात्री ११:०५

नाही चालणार. मी नेला होता, ऑक्टोबरातच हरला. कोट आणि बूट तिथे पोचल्यावर घ्या, सप्टेंबरात जुन्या कपड्यांच्या दुकानात अर्ध्या किमतीत मिळतात. इथून कुकर न्या, तीन लिटरचा, आणि दोन जादा रबरी रिंगा.

---

शेवउसळ | २५ एप्रिल, रात्री ११:०९

तर पुलावरच्या मगरी आता कोण मोजणार?

---

दांडियाबाजारकरीण | २५ एप्रिल, रात्री ११:२०

मला दुसरी वही आणून दिली आहे. एक दगड एकवीस सेंटिमीटर.